निर्यातबंदीची अधिसूचना काढण्याआधी: सर्व देशांच्या व्यापारमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
धान्य विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या सर्व देशांचे माननीय व्यापारमंत्री

विषय: घरच्या बाजारासाठी घेतलेले तुमचे निर्णय आणि जगाचा भाव

महोदय, महोदया,

१३ मे २०२२. शुक्रवार होता. कांडला बंदरात इजिप्तला जाणारा गहू जहाजात भरला जात होता. एकूण ६१,५०० टन भरायचा होता. ४४,३४० टन भरून झाला होता, १७,१६० टन बाकी होता. त्याच दिवशीची भारत सरकारची अधिसूचना आली: गव्हाची निर्यात बंद, ताबडतोब.

अर्धवट भरलेलं जहाज ही काय चीज असते ते मंत्रालयाच्या खोलीतून दिसत नाही, म्हणून सांगते. धान्याच्या जहाजांची कागदपत्रं तपासणं हे माझं काम. जहाज भाड्याचं असतं. ठरल्यापेक्षा जास्त दिवस थांबलं की डेमरेज, म्हणजे थांबण्याचा दंड, चढायला लागतं, तेही डॉलरमध्ये. माल चढल्याची तारीख बिल ऑफ लॅडिंगवर, म्हणजे जहाजाने दिलेल्या मालाच्या पावतीवर, पडल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही. तिकडे खरेदीदाराने तो गहू कागदावर गिरण्यांना वाटूनही टाकलेला असतो. इकडे विकणाऱ्याने अडत्याचे, ट्रकवाल्याचे, हमालीचे पैसे मोजलेले असतात. या सगळ्यांच्या मधोमध जहाज उभं, आणि कप्तान रोज एकच प्रश्न विचारतो: उरलेला माल येणार की हॅच बंद करू? त्याला उत्तर द्यायला कोणी नसतं.

त्या जहाजाला इजिप्त सरकारच्या विनंतीवरून चार दिवसांनी सूट मिळाली. १३ तारखेपर्यंत तपासणीसाठी कस्टमच्या ताब्यात गेलेल्या मालालाही मुभा मिळाली. बाकीच्यांना नियम असा होता की १३ मेपर्यंत उघडलेलं अपरिवर्तनीय लेटर ऑफ क्रेडिट (बँकेने दिलेली, मागे न घेता येणारी पैशाची हमी) हातात असेल तरच माल जाईल. मग व्हायचं तेच झालं. मागची तारीख घातलेली पत्रं पुढे येताहेत अशी शंका आली आणि महिनाअखेरीस कागदपत्रांची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा आदेश निघाला. बंदी आली की आमच्या धंद्यात सगळ्यात महाग गहू होत नाही, तारीख होते.

आणखी एक. आदल्याच दिवशी, म्हणजे १२ मेला, याच सरकारने गव्हाची निर्यात वाढवण्यासाठी नऊ देशांत शिष्टमंडळं पाठवणार असल्याचं जाहीर केलं होतं.

एका सरकारवर तोंडसुख घ्यायला मी हे पत्र लिहीत नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या देशाचं नाव पुढे कुठे ना कुठे येईलच. आणि त्या मे महिन्यात भारताची अडचण खोटी नव्हती. मार्चमध्येच उन्हाची लाट आली, दाणा भरायच्या वेळी ओंब्या करपल्या. सरकारी खरेदी आदल्या वर्षी ४ कोटी ३० लाख टनांच्या वर गेली होती, ती या वर्षी १ कोटी ९० लाख टनांच्या आत अडकली. स्वस्त धान्य योजनेची कोठारं भरायची कशाने, हा प्रश्न खुर्चीत बसलेल्या कोणाचीही झोप उडवणारा होता. मला बोलायचंय ते या प्रश्नाचं उत्तर बाहेरच्या जगात कसं पोचतं, त्याबद्दल.

शनिवार-रविवार बाजार बंद होता. सोमवारी शिकागोचा गव्हाचा वायदा जवळपास ६ टक्के उसळला, एका दिवसाला जितकं चढू देतात तितका. आता बघा, जगाच्या गव्हाच्या व्यापारात भारताचा वाटा त्या वर्षी जेमतेम तीन-चार टक्क्यांचा होता. तेवढा गहू बाजूला झाल्याने जग उपाशी पडत नाही. भाव उसळला त्याचं कारण वेगळं होतं. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यापासून काळ्या समुद्रातून येणारा गहू अडला होता. हे दोन देश मिळून जगाच्या निर्यातीचा चौथा हिस्सा तरी पुरवत. खरेदीदारांनी भारताकडे वळून मनातल्या मनात हिशोब जुळवला होता. इजिप्तने तर एप्रिलमध्येच भारतीय गव्हाला मान्यता दिली होती. तो हिशोब एका रात्रीत मोडला, आणि प्रत्येकाच्या डोक्यात आलं: आता पुढचा कोण? भाव चढवायला हा प्रश्न पुरला.

हे नीट कळायला धान्याच्या बाजाराचा एक विचित्रपणा समजून घ्यावा लागतो. जगात पिकणाऱ्या तांदळाची शंभर पोती धरा. त्यातली नव्वद ज्या देशात पिकली त्याच देशात खाल्ली जातात. सीमा ओलांडतात ती दहाच्या आसपास. २००८ मध्ये तर सातच ओलांडत होती. 'जागतिक भाव' म्हणून जो आकडा तुमच्या टेबलावर येतो तो या दहा पोत्यांवर ठरतो, शंभरांवर नाही. त्यातली चार एकटा भारत विकतो. उरलेल्यांतही थायलंड आणि व्हिएतनाम यांचा मोठा वाटा. गव्हाचं जरा बरं, पिकलेल्यातला साधारण चौथा हिस्सा बाहेर विकला जातो. पण तांदळाच्या या दहा पोत्यांतून कोणी एकाने दोन काढून घेतली, तर बाकीच्या नव्वदांतून ती भरून येत नाहीत. कारण ती नव्वद पोती तुम्ही सगळ्यांनी शुल्काच्या, कोट्याच्या, सरकारी खरेदीच्या भिंतींआड ठेवलेली असतात.

२००७-०८ ची गोष्ट मी माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगते. तुम्हालाही सांगते. त्या वर्षी जगात तांदूळ कमी पिकला नव्हता. उत्पादन चांगलं होतं. बिघडलं होतं ते गव्हाचं. ऑस्ट्रेलियात लागोपाठ दुष्काळ पडले, गव्हाचे जागतिक भाव भडकले. भारताची गव्हाची सरकारी खरेदी दोन हंगाम कमी पडली होती आणि महाग गहू आयात करायची वेळ आली होती. मग दिल्लीने विचार केला की गहू बाहेरून आणण्यापेक्षा घरचा तांदूळ घरात ठेवू. ऑक्टोबर २००७ मध्ये बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली. काही आठवड्यांत ती उठली आणि तिच्या जागी किमान निर्यात मूल्य आलं, टनाला ४२५ डॉलर, म्हणजे त्याहून स्वस्त बाहेर विकायचं नाही. ते टप्प्याटप्प्याने चढवत नेलं आणि एप्रिल २००८ मध्ये पुन्हा सरसकट बंदी. म्हण उलटीही फिरते हे मला तेव्हा कळलं. इथे गव्हापायी तांदूळ रगडला गेला.

भारताचं पाहून व्हिएतनामने नवे करार थांबवले. कंबोडियाने दार लावलं. इजिप्तने बंदी घातली. चीनने निर्यातीवर कर बसवला. यातला प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणा होता. शेजारी माल रोखतोय, म्हणजे बाहेरचं गिऱ्हाईक आता माझ्याच दारात येणार आणि माझ्या लोकांना महाग पडणार, हा तर्क चुकीचा कुठे आहे? पण प्रत्येकाचा तर्क खरा करून दाखवायचं काम दुसऱ्याचा तर्क करत होता.

आणि मग आली घेणाऱ्यांची पाळी. फिलिपिन्स तेव्हा तांदळाचा जगातला सगळ्यात मोठा खरेदीदार. त्यांच्या सरकारी संस्थेने मोठमोठ्या निविदा काढल्या, लागोपाठ, जगाला दिसतील अशा. बाजारात 'मला हवंच आहे, कितीही पैसे घ्या' असं ओरडत शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार काय करतो ते सांगायला नको. एप्रिलच्या एका निविदेत टनाला ११०० डॉलरच्या वरचे देकार आले. जानेवारीत हाच थायलंडचा तांदूळ ४०० डॉलरच्या आत मिळत होता. हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे तांदूळ विकणाऱ्या देशाच्या सगळ्यात मोठ्या शहरात, लोक दुकानांतून पोती उचलून नेऊ लागले. अमेरिकेत काही मोठ्या दुकानांनी एका गिऱ्हाइकाला किती पोती मिळतील यावर मर्यादा घातली. हैतीमध्ये दंगली झाल्या आणि १२ एप्रिलला पंतप्रधानांना जावं लागलं. लक्षात घ्या, धान्य कमी पिकलेलं नाही. सगळं चाललंय ते फक्त कोण काय रोखेल या धास्तीवर.

ही धास्ती उतरली कशाने, तेही ऐका. जपानकडे सुमारे पंधरा लाख टन आयात तांदूळ गोदामांत पडून होता. जागतिक व्यापार कराराखाली त्याला दर वर्षी ठराविक तांदूळ बाहेरून घ्यावा लागतो. घेतो, पण आपल्या शेतकऱ्याचा भाव पडू नये म्हणून बाजारात फारसा उतरवत नाही. त्यातला बराचसा अमेरिकेचा. तो दुसऱ्या देशाला विकायला अमेरिकेची हरकत नसावी लागत होती. मे महिन्यात अमेरिकेने हरकत नसल्याचं कळवलं आणि जपान फिलिपिन्सला तांदूळ देण्याच्या गोष्टी बोलू लागला. भाव उतरू लागले. प्रत्यक्षात त्यातला फारसा तांदूळ कुठे गेलाच नाही. नुसत्या बोलण्याने भाव खाली आले. नुसत्या बोलण्याने चढले होते, तसेच.

विल मार्टिन आणि किम अँडरसन या अर्थतज्ज्ञांनी पुढे या काळाचा हिशोब मांडला. त्यांच्या मते त्या तेजीतली तांदळाची सुमारे ४५ टक्के आणि गव्हाची जवळपास ३० टक्के भाववाढ देशोदेशींच्या सरकारांनी आपापला बाजार जगापासून वाचवण्यासाठी केलेल्या उपायांमुळे झाली. यात निर्यात रोखणारे जसे आहेत तसेच घाईने आयात शुल्क कमी करणारेही आहेत. हा दुसरा भाग तुमच्यातल्या आयातदारांच्या पचनी पडत नाही, मला माहीत आहे. शुल्क कमी करणं म्हणजे व्यापार खुला करणं, त्यात वाईट काय? एरवी काहीच नाही. पण सगळ्या खरेदीदारांनी एकाच महिन्यात शुल्क उतरवलं, तर सगळ्यांची मागणी एकदम वाढते, माल तेवढाच राहतो, आणि तुम्ही सोडून दिलेलं शुल्क भावाच्या रूपाने विकणाऱ्याच्या खिशात जातं. तुमच्या गिऱ्हाइकाला जेवढा दिलासा देऊ केला होता त्यातला बराचसा असा वाटेतच जिरतो. विकणाऱ्याने अडवायचं आणि घेणाऱ्याने धावायचं. दोघं मिळून वाढवतात तो भाव सोसतो तिसराच, ज्याच्या सरकारकडे साठा नाही, शुल्क आधीच शून्याजवळ आहे आणि परकीय चलन तुटपुंजं.

त्या तिसऱ्याचं उदाहरण द्यायचं तर सेनेगल. तिथे तुकडा तांदूळ आवडीने खातात, आणि तो मोठ्या प्रमाणात भारतातून यायचा. इतर ठिकाणी तुकडा म्हणजे कोंबडीखाद्य किंवा इथेनॉलचा कच्चा माल. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने तुकड्याची निर्यात बंद केली तेव्हा कारणांत हेच होतं, की पशुखाद्याला आणि इथेनॉलला तुकडा कमी पडतोय. एका देशाच्या पेट्रोलमध्ये काय मिसळायचं हा निर्णय दुसऱ्या देशाच्या ताटापर्यंत असा पोचतो. अमेरिकेचा मका आणि इथेनॉल यांचं नातंही याच जातीचं आहे, पण त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

रशियाचं २०१० मोठं आहे, पण थोडक्यात सांगते. उन्हाळा भयंकर तापला, पीक जळलं, रानं पेटली. ५ ऑगस्टला बंदी जाहीर, १५ ऑगस्टपासून लागू, पुढच्या वर्षी १ जुलैला उठली. मधले दहा दिवस दिले हे त्यातल्या त्यात बरं, पण ज्यांचे करार झाले होते त्यांची जहाजं त्या दहा दिवसांत बंदराला लागणार होती थोडीच! सगळ्यात जास्त गहू घेणारा देश इजिप्त, आणि त्याचा मुख्य पुरवठादार रशिया. पुढच्या वर्षी तिकडे उठाव होऊन सरकार पडलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्याचं सगळं खापर गव्हावर फोडणाऱ्यांतली मी नाही, पण गव्हाला वगळून ती गोष्ट सांगताही येत नाही.

आता तुमच्यातल्या ज्यांना वाटतं की जगाचं जग पाहील, बंदीने निदान माझं घर तरी सावरतं, त्यांच्यासाठी अर्जेंटिना. २००६ नंतर तिथल्या सरकारने गहू घरात स्वस्त राहावा म्हणून निर्यातीवर कर तर ठेवलाच, वर परवान्यांनी निर्यातीचं प्रमाणही बांधलं. किती जाईल, कधी जाईल, परवाना मिळेल की नाही, पेरताना कोणालाच सांगता येईना. शेतकऱ्याने काय करावं? त्याने भाषण केलं नाही, सरळ गहू सोडून सोयाबीन पेरलं. काहींनी बार्ली पेरली. बार्लीवर तेवढी बंधनं नव्हती. गव्हाचा पेरा आटत गेला. २०१३ मध्ये गव्हाच्या या मोठ्या निर्यातदार देशात गहू तुटला आणि पाव महागला. शेजारच्या ब्राझीलला, जो वर्षानुवर्षं अर्जेंटिनाचाच गहू घेत आला होता, आयात शुल्क बाजूला ठेवून दुसरीकडून गहू आणावा लागला. डिसेंबर २०१५ मध्ये नवं सरकार आलं, गहू आणि मक्यावरचा निर्यात कर काढला, परवान्यांचा जाच गेला. पुढच्याच हंगामात पेरा वाढला. लोकांना स्वस्त पाव मिळावा म्हणून आणलेल्या धोरणाने शेवटी पावच महाग केला. शेतकऱ्याला शिक्षा म्हणून तुम्ही बंदी घालत नाही हे मला मान्य आहे, पण त्याला ती तशीच लागते: भाव पडतो तेव्हा तोटा त्याचा, चढतो तेव्हा दार बंद.

थायलंडने याच्या उलट वाट धरून पाहिली. २०११ मध्ये यिंगलक शिनावात्रा यांच्या सरकारने शेतकऱ्याकडून भात टनाला १५,००० बाथने घ्यायला सुरुवात केली, बाजारापेक्षा कितीतरी चढ्या दराने. हिशोब असा होता की आपण जगातले सगळ्यात मोठे विक्रेते, आपण माल दाबून धरला की जगाचा भाव आपोआप चढेल आणि मग विकू. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारताने बिगर-बासमतीची निर्यात पुन्हा खुली केली. व्हिएतनामही विकत होता. भाव चढलाच नाही. २०१२ मध्ये थायलंडची पहिली जागा गेली, कोठारांत कोट्यवधी पोती साठून राहिली, आणि २०१७ मध्ये या प्रकरणात निष्काळजीपणा केल्याबद्दल माजी पंतप्रधानांना पाच वर्षांची शिक्षा झाली, त्या देशाबाहेर असताना. २००८ मध्ये सगळे एकाच दिशेने पळत होते म्हणून भाव पेटला. २०११ मध्ये एकटाच पळाला, तर भाव जागचा हलला नाही. जगाचा भाव वाकवता येईल असं ज्याला वाटतं त्याने शेजारी काय करतोय ते आधी विचारावं.

स्वस्ताईचंही एक बोलायला हवं, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. नव्वदच्या दशकात हैतीने तांदळावरचं आयात शुल्क अगदी नाममात्र केलं. त्यासाठी बाहेरचा दबाव होता. अमेरिकेचा, तिथल्या सरकारी मदतीवर पिकलेला तांदूळ आला, स्वस्त. स्थानिक भात उत्पादक त्याच्यापुढे टिकले नाहीत. २००८ मध्ये जेव्हा तांदूळ महागला तेव्हा हैतीकडे परतायला स्वतःचं शेत उरलं नव्हतं. बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं की ती चूक होती, अर्कान्सासमधल्या त्यांच्या काही शेतकऱ्यांचा तिने फायदा झाला, पण हैतीचं नुकसान झालं. एवढ्या स्पष्टपणे चूक मान्य करणारा राजकारणी विरळाच, म्हणून त्यांचं नाव घेतलं. तेव्हा 'सगळं खुलं करा' एवढंच सांगायला मी आलेली नाही. ज्या देशांनी २००८ पाहिलं ते आता कोणाच्या भरवशावर राहायला तयार नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

पण भिंत बांधून बसण्यालाही किंमत असते. जपानचंच पाहा. ठरलेल्या कोट्याबाहेरच्या तांदळावर किलोला ३४१ येन शुल्क. खाण्याचा तांदूळ कमी पिकवावा म्हणून शेतकऱ्याला वर्षानुवर्षं उत्तेजन. २०२४ मध्ये तिथे तांदूळ तुटू लागला आणि २०२५ च्या वसंतात पाच किलोच्या पिशवीचा भाव वर्षभरापूर्वीच्या दुप्पट, ४,००० येनच्या वर गेला. त्याच काळात बाहेरच्या जगात तांदूळ दिवसेंदिवस उतरत होता. भिंत जशी बाहेरची महागाई आत येऊ देत नाही, तशी बाहेरची स्वस्ताईही येऊ देत नाही. मे २०२५ मध्ये कृषिमंत्री ताकू एतो म्हणाले की मला कधी तांदूळ विकत घ्यावा लागलेला नाही, समर्थक भरपूर आणून देतात. त्यांना राजीनामा द्यावा लागला. धान्याच्या व्यवहारात मंत्र्याने कसं बोलू नये, याचं इतकं सोपं उदाहरण पुन्हा मिळणार नाही.

बाहेर तांदूळ का उतरत होता? २० जुलै २०२३ ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली होती. काळ्या समुद्रातल्या धान्यवाहतुकीचा करार संपून तीनच दिवस झाले होते. ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क आलं. त्या महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा (एफएओ) तांदळाचा भाव निर्देशांक पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर गेला. २०२४ च्या सुरुवातीला थायलंडचा तांदूळ टनाला ६०० डॉलरच्या वर होता. चढा भाव बघून इतरांनी जास्त पेरलं. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने दार उघडलं, मार्च २०२५ मध्ये तुकड्याचंही. तोवर भारताची कोठारं तुडुंब झालेली. दुसऱ्या बाजूला इंडोनेशियाने खरेदी थांबवली आणि फिलिपिन्सने, ज्याने २०२४ मध्ये शुल्क ३५ वरून १५ टक्क्यांवर आणलं होतं, आपल्या शेतकऱ्यांसाठी १ सप्टेंबर २०२५ पासून आयातच थांबवली. विकणारे सुटले आणि घेणारे बसले, दोन्ही एकदम. २०२५ मध्ये थायलंडचा तांदूळ ४०० च्या खाली आला. २०२३ मध्ये हाल खाणाऱ्याचे झाले, २०२५ मध्ये पिकवणाऱ्याचे. दोन्ही वेळा पाऊसपाणी हे कारण कमी आणि तुमच्या सह्या जास्त.

नियम नाहीत असंही नाही. १९४७ च्या गॅट या जागतिक व्यापार कराराच्या अकराव्या कलमात अन्नाची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी घालायची मुभा आहे. टंचाई 'गंभीर' कधी आणि 'तात्पुरतं' म्हणजे किती, ते ज्याचं त्याने ठरवायचं. जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीविषयक कराराचं बारावं कलम सांगतं की बंदी घालणाऱ्याने आयातदारांचा विचार करावा आणि आधी लेखी कळवावं. त्यातून बहुतेक विकसनशील देश सुटतात. ज्यांना ते लागू आहे त्यांच्याकडूनही सूचना पोचते ती पुष्कळदा बैल गेला नि झोपा केला अशी. जून २०२२ मध्ये जिनिव्हात तुम्ही सगळ्यांनी मिळून एक चांगलं काम केलं: संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने मदतीसाठी केलेल्या खरेदीवर निर्यातबंदी लावायची नाही असं ठरवलं. ते पाळा. पण जगातल्या बहुतेक गरिबांचं धान्य मदतीच्या जहाजातून येत नाही, साध्या व्यापाऱ्याच्या जहाजातून येतं.

म्हणून मला तुमच्याकडे जे मागायचंय ते व्यापार-कराराच्या भाषेत नाही, गोदीच्या भाषेत आहे. निर्यात आवरायचीच असेल तर बंदीऐवजी कर लावा, आणि तो किती चढू शकतो ते हंगामाआधी सांगून ठेवा. कराचा हिशोब किमतीत धरता येतो. बंदीचा धरता येत नाही, म्हणून व्यापारी भीतीची किंमत लावतो, आणि ती कोणत्याही करापेक्षा जास्त असते. झालेले करार पुरे होऊ द्या, सगळे. ज्या खरेदीदाराला एकदा अर्ध्यात सोडलं तो पुढच्या वर्षी तुमच्याकडे येताना जोखमीचे पैसे कापूनच देकार देतो. ती कपात तुमच्याच शेतकऱ्याच्या पदरातून होते. साठ्याचे आकडे उघड ठेवा. जगातल्या गव्हाच्या शिलकी साठ्यापैकी निम्म्याच्या आसपास चीनमध्ये आहे असा अंदाज आहे. अंदाज म्हणते, कारण ते कोठार बाहेरच्याला दिसत नाही. २०११ मध्ये जी-२० देशांनी एएमआयएस नावाची माहिती-यंत्रणा याचसाठी उभी केली, पण यंत्रणेला आकडे तुम्हीच द्यायचे असतात.

आयातदार मंत्र्यांनो, तुम्ही भाव चढल्यावर निविदांचा ढोल वाजवू नका. लागेल ते थोडं थोडं, भाव उतरलेले असताना घेऊन ठेवा. २०२५ मध्ये तांदळाचे ते उतरलेले होते.

आणि अधिसूचना काढायची वेळ आलीच, तर ती शुक्रवारी काढू नका. दोन दिवस बंद बाजारात अफवेला मोकळं रान मिळतं. तिचं पहिलं कलम हे असू द्या की ज्या जहाजाचा भरणा सुरू झालाय ते पूर्ण भरून जाईल. २०२३ च्या भारतीय अधिसूचनेत तसं कलम होतं, आणि आमची निम्मी धावपळ त्याने वाचली. शेवटचं कलम बंदी उठण्याच्या तारखेचं असू द्या. ते मात्र मी अजून फारसं कुठे पाहिलेलं नाही. मधल्या कलमांत तुमच्या वकिलांना काय हवं ते लिहू द्या.

आपली,
धान्याच्या जहाजांची कागदपत्रं तपासणारी एक कर्मचारी